खडकाच्या पोटातले हॉकी स्टेडियम : यॉव्हिक प्रतिकृतीच्या प्रकल्प नोंदी

८ जुलै २०२४

आजच्या बैठकीत प्रकल्पाचा विषय पक्का झाला. १९९४ च्या लिलेहामर हिवाळी ऑलिम्पिकसाठी नॉर्वेतल्या यॉव्हिक या गावी डोंगराच्या आत खोदलेल्या आइस हॉकी स्टेडियमची छेद-प्रतिकृती तयार करायची, आणि तिच्या जोडीला स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत अभ्यासपत्रिका लिहायची, असे ठरले. या नोंदी गटातल्या सर्वांच्या वाचनासाठी मी ठेवणार आहे.

चर्चेत दुसरा पर्यायही बराच वेळ होता. त्याच ऑलिम्पिकसाठी हामार येथे बांधलेले स्पीड स्केटिंगचे सभागृह जगभर नावाजले गेले आहे. लाकडी पट्ट्या एकमेकींवर चिकटवून घडवलेल्या तुळयांच्या कमानींवर त्याचे छत उभे आहे आणि सर्वांत मोठ्या कमानीचा गाळा, म्हणजे दोन टेकूंमधले अंतर, सुमारे ९६ मीटरचा आहे. प्रतिकृती म्हणून ते अधिक देखणे झाले असते, हे मला मान्य आहे. तरीही मी यॉव्हिकचा आग्रह धरला, कारण आपल्या अभ्यासक्रमात खडक येतो तो एक तर पायाखालचा भक्कम थर म्हणून किंवा सुरुंग लावून दूर करायचा अडथळा म्हणून. खडक स्वतःच एखाद्या सार्वजनिक इमारतीचे छत होऊ शकतो आणि त्या छताची रचना गणिताने, मोजमापाने व निरीक्षणाने करता येते, हे विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी यॉव्हिकइतके स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

यात महाराष्ट्राचाही एक धागा आहे. १३ मार्च १९९९ रोजी कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या तळाखाली लेक टॅपिंग करण्यात आले. धरणातले पाणी न उतरवता जलाशयाला खालून बोगदा जोडण्याचे हे तंत्र नॉर्वेच्या जलविद्युत प्रकल्पांत शेकडो वेळा वापरले गेले होते. डोंगराच्या आत काम करण्याची तिथली विद्या आपल्याकडे तेव्हापासून तरी परकी राहिलेली नाही.

१५ जुलै २०२४

मूळ मापे एकत्र केली. विवराची रुंदी सुमारे ६२ मीटर, लांबी ९१ मीटर आणि उंची २५ मीटर आहे. छतावरच्या खडकाची जाडी जागोजागी २५ ते ५० मीटर आहे. एकूण सुमारे १ लाख ४० हजार घनमीटर खडक काढण्यात आला. खोदकाम आणि बांधकाम १९९१ ते १९९३ या काळात झाले आणि मे १९९३ मध्ये स्टेडियम खुले झाले. प्रेक्षकांची क्षमता साडेपाच हजारांच्या आसपास आहे.

जलविद्युत केंद्रांसाठी खोदलेली विवरे सर्वसाधारणपणे २० ते ३५ मीटर रुंद असतात, आणि तीही मूठभर कर्मचाऱ्यांच्या वावरासाठी. लोकांच्या वापरासाठी एवढ्या रुंदीचे विवर त्याआधी कोणी खोदले नव्हते. आपल्या वाचकाला रुंदीची कल्पना यावी म्हणून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या मिसिंग लिंकचे बोगदे अभ्यासपत्रिकेत शेजारी काढून दाखवावेत, असे ठरले. त्यांची रुंदी सुमारे २३ मीटर आहे आणि रस्त्याच्या बोगद्यांत ती फार मोठी मानली जाते. यॉव्हिकच्या छेदात असे दोन बोगदे शेजारी ठेवून रुंदीत आणखी सुमारे सोळा मीटर जागा उरते.

प्रतिकृतीचे प्रमाण १:१०० ठेवले आहे. ९१ मीटर लांबीच्या मध्यावर उभा छेद घेऊन अर्धेच विवर दाखवायचे, म्हणजे प्रेक्षकाला रिंक (खेळाचे बर्फाचे मैदान), गॅलऱ्या, छताची बसकी कमान आणि तिच्यावरचा खडक एकाच नजरेत दिसेल. खडकाचा भाग कापून कमी करण्याची सूचना आली होती, कारण तो पूर्ण दाखवला तर पेटी जड आणि उंच होते. ती सूचना मी स्वीकारली नाही. या प्रतिकृतीत खडक हाच मुख्य घटक आहे.

२९ जुलै २०२४

खडकाविषयीचे प्रकरण लिहायला घेतले. गटातल्या भूशास्त्राच्या मॅडमनी आज बराच वेळ दिला आणि त्यांच्या सांगण्यावरून प्रकरणाची मांडणी बदलली.

यॉव्हिकचा खडक कँब्रियनपूर्व काळातला पट्टिताश्म, म्हणजे नाइस, आहे. खडकाच्या अखंड तुकड्याची दाब सोसण्याची ताकद सुमारे ९० मेगापास्कल (दाब मोजण्याचे एकक) आहे, म्हणजे चांगल्या प्रतीच्या नेहमीच्या काँक्रीटच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त. विद्यार्थी इथेच थांबतो आणि एवढा मजबूत खडक असेल तर छत उभे राहणारच, असे समजतो. मॅडमचा मुद्दा असा होता की छताचे भवितव्य तुकड्याच्या ताकदीवर ठरत नाही, ते तुकड्यांमधल्या सांध्यांवर, म्हणजे खडकातल्या नैसर्गिक भेगांवर, ठरते. खडकाचे वस्तुमान सांध्यांनी चिरलेले असते. हे सांधे किती आहेत, कोणत्या दिशांना आहेत, त्यांचे पृष्ठभाग गुळगुळीत आहेत की खडबडीत, त्यांत माती भरली आहे की ते कोरडे आणि घट्ट आहेत, यावर छतातला एखादा ठोकळा निसटणार की शेजाऱ्यांत अडकून राहणार, हे अवलंबून असते.

यॉव्हिकच्या सांध्यांची स्थिती संमिश्र होती. कोअर, म्हणजे खडकात छिद्र पाडून काढलेला दंडगोल नमुना, काढून पाहिल्यावर आर.क्यू.डी. बहुतांशी ६० ते ९० या दरम्यान, सरासरी ७० च्या आसपास आली. दहा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब अखंड तुकड्यांची एकूण लांबी कोअरच्या लांबीच्या किती टक्के भरते, ते हा आकडा सांगतो. सत्तर म्हणजे खडक ठीक आहे, पण अखंड म्हणावा असा नाही. सांधे वारंवार होते, मात्र ते खडबडीत व नागमोडी होते आणि फार लांबवर सलग जाणारे नव्हते. पुढचा सगळा हिशेब या खडबडीतपणावर उभा आहे.

अशा खडकाला एक अंक देण्यासाठी निक बार्टन, लीन आणि लुंडे यांनी १९७४ मध्ये नॉर्वेच्या भूतांत्रिक संस्थेत क्यू-पद्धत मांडली. तिच्यात सहा घटक आहेत आणि ते तीन भागाकारांत बसवलेले आहेत. पहिला भागाकार ठोकळ्यांचा आकार सांगतो, दुसरा सांध्यांमधले घर्षण आणि तिसरा पाणी व खडकातला दाब यांचा परिणाम. समजावण्यासाठी एक नमुना हिशेब पत्रिकेत देत आहोत. आर.क्यू.डी. ७० आणि सांध्यांचे तीन संच धरून त्यांच्यासाठी पद्धतीच्या तक्त्यातला अंक ९ घेतला तर पहिला भागाकार जवळजवळ ८ येतो. सांधे खडबडीत व नागमोडी म्हणून ३, किंचित झिजलेले म्हणून २, म्हणजे दुसरा दीड. पाणी नगण्य आणि दाब अनुकूल धरला तर तिसरा १. गुणाकार १२ च्या आसपास जातो. प्रत्यक्ष जागेवर हा अंक १ ते ३० या पट्ट्यात फिरत होता आणि सरासरी १० च्या आसपास होती. म्हणजे काही जागी खडक उत्तम होता, काही जागी मध्यम आणि काही ठिकाणी काळजी करावी असा. ६२ मीटरच्या छताखाली ही तिन्ही प्रकारची जागा येणार होती.

क्यू-पद्धत सुमारे २०० प्रत्यक्ष कामांच्या अनुभवावर बेतलेली होती, आणि त्या कामांत ६२ मीटर रुंदीचे एकही नव्हते. अनुभवाचा तक्ता जिथे संपतो, त्याच्या पलीकडे जाऊन ही रचना करायची होती. त्यामुळे एकट्या तक्त्यावर विसंबून न राहता भूकंपलहरींची चाचणी, खडकातल्या दाबाचे मोजमाप, संगणकीय प्रतिमान आणि खोदकाम चालू असताना सतत निरीक्षण असे सगळे मार्ग एकमेकांना तपासण्यासाठी वापरले गेले. पत्रिकेतल्या या परिच्छेदाला चौकट द्यावी, असे मला वाटते.

७ ऑगस्ट २०२४

खडकाच्या भागासाठी थर्माकोल, प्लायवूड आणि प्लास्टर ऑफ पॅरिस असे तीन नमुने करून पाहिले. सांधे दाखवायचे असल्याने एकसंध ओतलेले प्लास्टर उपयोगाचे नाही. सुताराने सुचवल्याप्रमाणे वेगवेगळ्या आकारांचे लाकडी ठोकळे खडबडीत कापून रचायचे ठरले. ठोकळ्यांच्या कडा रंध्याने गुळगुळीत करायच्या नाहीत, हे त्यांना दोनदा सांगून ठेवले आहे.

१९ ऑगस्ट २०२४

आज प्रकल्पाच्या गाभ्याशी पोहोचलो. विवराचे छत का उभे राहते, याचे उत्तर खडकातल्या आडव्या दाबात आहे, आणि हे उत्तर ऐकताना विद्यार्थ्यांची अपेक्षा उलटी असते.

छतावर सरासरी ४० मीटर खडक धरला आणि त्याची घनता घनमीटरला सुमारे २.७ टन धरली, तर त्या वजनाने छताच्या पातळीवर येणारा उभा दाब सुमारे १.१ मेगापास्कल होतो. नुसत्या वजनाचा विचार केला तर आडवा दाब यापेक्षाही कमी असायला हवा. पण यॉव्हिकच्या डोंगरात प्रत्यक्ष मोजमाप केल्यावर आडवा दाब ३ ते ५ मेगापास्कल आढळला, म्हणजे उभ्या दाबाच्या तिप्पट ते साडेचारपट. स्कँडिनेव्हियाच्या प्राचीन खडकांत जमिनीजवळही असे आडवे दाब सापडतात. भूखंडीय तबकांचे ढकलणे आणि वरचे थर व हिमयुगातली जाड हिमचादर नाहीशी झाल्यावरही खडकात अडकून राहिलेला जुना दाब, ही त्याची कारणे मानली जातात.

सामान्य बुद्धी म्हणते की बाजूंनी एवढा दाब असेल तर विवर चिरडले जाईल. घडते ते वेगळे. विवर खोदल्यावर आडव्या दाबाला मधून जाण्याची वाट उरत नाही, तो वर वळतो आणि छताच्या खडकातून एका बाजूकडून दुसरीकडे जातो. छताचे ठोकळे त्यामुळे दोन्हीकडून घट्ट आवळले जातात. सांधे मिटलेले राहतात आणि त्यांच्यातले घर्षण वाढते. एखादा ठोकळा खाली सरकू लागला तर खडबडीत पृष्ठभागांचे उंचवटे एकमेकांवर चढतात, सांधा रुंदावू पाहतो, पण शेजारचा खडक त्याला रुंदावू देत नाही. परिणामी आवळण्याचा दाब आणखी वाढतो आणि सरकणे थांबते. हीच छताची खरी कमान होय. ती कोणी बांधलेली नाही. खोदणाऱ्यांनी ती ओळखली आणि विवराला असा आकार दिला की तिला काम करता यावे.

यालाही मर्यादा आहे आणि ती पत्रिकेत स्पष्ट लिहिलीच पाहिजे. हाच दाब खडकाच्या ताकदीच्या जवळ गेला असता तर छताचे पापुद्रे आवाज करीत फुटले असते, जसे नॉर्वेच्या खोल फ्योर्डांच्या (डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्यांच्या) कडेच्या बोगद्यांत होते. इथे ताकद ९० आणि दाब ३ ते ५ आहे, त्यामुळे ती भीती नव्हती. उलट आडवा दाब फारच कमी असता, तर ६२ मीटरच्या बसक्या छताच्या मध्यावर सांधे उघडले असते, ठोकळे सैल झाले असते आणि कितीही पोलाद वापरले तरी हे काम शहाणपणाचे ठरले नसते. म्हणून जागेची निवड हीच या स्टेडियमच्या रचनेतली सर्वांत मोठी गोष्ट होती, असे माझे मत झाले आहे.

प्रतिकृतीत हे दाखवण्यासाठी पेटीच्या दोन्ही बाजूंना स्क्रू-जॅक बसवावेत, अशी कल्पना पुढे आली. जॅक आवळलेला असताना ठोकळ्यांचे छत टिकेल, आणि विद्यार्थ्याने जॅक हळूहळू सैल केला की मधले ठोकळे खालच्या जाळीत उतरतील. मला ही कल्पना फार आवडली. सुताराकडून त्याचा वेगळा लहान नमुना करून घ्यायचा आहे, मुख्य प्रतिकृतीवर हा प्रयोग करायचा नाही.

२ सप्टेंबर २०२४

आधारव्यवस्थेचे प्रकरण. छताला पोलादी तंतू मिसळलेल्या शॉटक्रीटचा, म्हणजे दाबाने फवारलेल्या काँक्रीटचा, सुमारे १० सेंटिमीटरचा थर दिला आहे, ६ मीटर लांबीचे रॉक बोल्ट (खडकात छिद्र पाडून घट्ट बसवलेले पोलादी दांडे) प्रत्येकी अडीच मीटर अंतरावर आहेत, आणि त्यांच्या जोडीला १२ मीटर लांबीच्या पोलादी केबल ५ मीटर अंतरावर. काँक्रीटचे जाड अस्तर कुठेही नाही.

हे बोल्ट नेमके काय करतात, याविषयीचा गैरसमज दूर करण्यासाठी गटातल्या सर्वांनी आज एक हिशेब स्वतंत्रपणे करून पाहिला. एका बोल्टच्या वाट्याला अडीच गुणिले अडीच, म्हणजे सव्वासहा चौरस मीटर छत येते. बोल्टच्या लांबीइतका, म्हणजे ६ मीटर जाडीचा खडक त्याने टांगून धरायचा म्हटले तर वजन सुमारे १०० टन होते. पंचवीस मिलिमीटर व्यासाचा बोल्ट वीस-पंचवीस टनांपलीकडे जाऊ शकत नाही. उलट बाजूने पाहिले तर बोल्टची सगळी ताकद वापरली तरी जेमतेम दीड मीटर जाडीचा खडक टांगला जाईल, आणि केबलची भर घातली तरी दोन मीटरच्या आसपास. डोक्यावर खडक आहे २५ ते ५० मीटर.

याचा अर्थ असा की बोल्ट छत उचलून धरण्यासाठी बसवलेलेच नाहीत. ते छताजवळच्या ठोकळ्यांना एकमेकांपासून सुटू देत नाहीत, सांधे उघडण्याची सुरुवातच होऊ देत नाहीत, आणि मग खडक स्वतःचे वजन स्वतः वाहतो. शॉटक्रीटचा थर लहान तुकडे जागच्या जागी धरतो आणि पृष्ठभागावरचा खडक सैल होऊ देत नाही. काँक्रीटच्या स्लॅबमधल्या लोखंडाचा हिशेब डोक्यात पक्का बसलेल्या विद्यार्थ्याला हा विचार पचायला वेळ लागतो. म्हणून हिशेबाचे सगळे टप्पे पत्रिकेत मोकळे लिहिले आहेत, एकही पायरी गाळलेली नाही.

प्रतिकृतीत बोल्टसाठी ६ सेंटिमीटरच्या आणि केबलसाठी १२ सेंटिमीटरच्या तारा योग्य अंतरावर लागतील. शॉटक्रीटचा थर या प्रमाणात एक मिलिमीटरचा होतो. पातळ कार्डपेपर पुरेल.

११ सप्टेंबर २०२४

तारा आल्या. बोल्ट आणि केबल वेगळ्या रंगांत रंगवायला दिल्या. गणपतीमुळे सुताराचे काम पुढच्या आठवड्यात सुरू होईल.

२३ सप्टेंबर २०२४

खोदकामाच्या क्रमासाठी विवराच्या आतले लाकूड सुट्या, क्रमांक घातलेल्या तुकड्यांत करायचे ठरले, म्हणजे विद्यार्थी ते एकामागून एक काढून क्रम समजून घेऊ शकतील.

पूर्ण ६२ मीटर रुंदी एका झटक्यात उघडता येत नाही. छताच्या पातळीवर मध्यभागी आधी एक अरुंद वाट काढायची, तिच्यातून खडक प्रत्यक्ष पाहायचा, लगेच आधार द्यायचा, आणि मग दोन्ही बाजू टप्प्याटप्प्याने रुंद करीत जायचे. छत पूर्ण रुंदीचे होऊन त्याचा आधार बसल्यावरच खालचे थर काढायचे. या क्रमाचे दोन फायदे आहेत. एक म्हणजे सर्वांत नाजूक काम, छताचे, अशा वेळी होते जेव्हा कामगार छताच्या अगदी जवळ असतात आणि बोल्ट बसवण्यासाठी उंच मचाण लागत नाही. दुसरे म्हणजे प्रत्येक वाढीनंतर छत किती खाली आले ते मोजता येते, आणि मोजलेले अंदाजाशी जुळत नसेल तर पुढचा टप्पा थांबवता येतो. सुरुंगांची आखणीही कडेला वेगळी करावी लागते, कारण कडेचा खडक स्फोटाने खिळखिळा झाला तर ज्या सांध्यांवर सगळी भिस्त आहे तेच सैल होतात.

डोंगराच्या पोटात काम करण्याची या गावाला सवय होती, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. याच डोंगरात १९७० च्या दशकात जलतरण तलाव खोदलेला होता आणि दूरसंचाराची यंत्रणाही होती. खडकाविषयीचा अनुभव आणि भूमिगत सभागृहात लोक येतात, रमतात हा विश्वास, दोन्ही हाताशी होते. शिवाय ऑस्लोच्या होल्मलिया उपनगरात १९८३ पासून असेच भूमिगत क्रीडागृह चालू होते, जे युद्धप्रसंगी नागरिकांसाठी आसरा म्हणूनही रचलेले आहे.

७ ऑक्टोबर २०२४

निरीक्षणाची नोंद. खोदकाम सुरू होण्याआधीच डोंगरमाथ्यावरून छिद्रे पाडून त्यांत एक्स्टेन्सोमीटर, म्हणजे खडकाचे सरकणे मोजणारी उपकरणे, बसवले होते, म्हणजे खडकाची पहिल्या स्फोटापासूनची हालचाल मोजता आली. आतून मागाहून बसवलेले उपकरण तोवर झालेली हालचाल चुकवते, त्यामुळे वरून बसवण्याचा हा निर्णय मोलाचा होता.

सांधे वेगवेगळे धरून केलेल्या संगणकीय प्रतिमानाने छत ४ ते ८ मिलिमीटर खाली येईल, असे सांगितले होते. प्रत्यक्षात पूर्ण रुंदी उघडल्यावर हालचाल ७ ते ८ मिलिमीटर भरली. बासष्ट मीटरच्या छताला आठ मिलिमीटर म्हणजे रुंदीच्या सुमारे पावणेआठ हजाराव्या भागाइतकी झुकण. पोलादी किंवा लाकडी छताची एवढ्या गाळ्यावर याच्या कितीतरी पट झुकण आपण सहज मान्य करतो.

आमच्या प्रतिकृतीच्या प्रमाणात ही हालचाल ०.०८ मिलिमीटर येते, म्हणजे वहीच्या एका पानाच्या जाडीएवढी. ती दाखवायची कशी, यावर आज बराच वेळ बोलणे झाले. हालचाल मोठी करून दाखवणारी दर्शक सुई लावण्याचा प्रस्ताव मी नाकारला, कारण मोठी केलेली हालचाल पाहणाऱ्याच्या मनात छत खूप खाली आल्याचे चित्र ठसेल. त्याऐवजी विवराच्या एका टोकाला छताच्या मूळ रेषेवर एक पान चिकटवून शेजारी आकडा लिहायचा, एवढेच पुरे आहे.

२१ ऑक्टोबर २०२४

बर्फ, उष्णता आणि दमट हवा. या भागासाठी शीतकरणाचे काम केलेले एक ज्येष्ठ सहकारी आज आले होते.

ऑलिम्पिक मापाची रिंक ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असते. विवराच्या लांबीत ती बसवली की चारही बाजूंना साधारण पंधरा मीटर उरतात, आणि गॅलऱ्या, वाटा व खेळाडूंची जागा त्यांत येते. म्हणजे विवराची रुंदी हौसेने ठरलेली नाही. रिंक आणि तिच्याभोवती साडेपाच हजार माणसे खांबाच्या अडथळ्याशिवाय बसवायची तर एवढे लागतेच.

बर्फाच्या मैदानाला त्रास देणारी उष्णता केवळ हवेतून येत नाही. छताच्या पृष्ठभागातून खाली येणारे उष्णतेचे किरणही बर्फ तापवतात. जमिनीवरच्या सभागृहाचे छत उन्हाळ्यात तापते आणि हिवाळ्यात गारठते, त्यामुळे शीतकरण यंत्रणेला बदलत्या भाराशी झगडावे लागते. डोंगराच्या आत खडकाचे तापमान वर्षभर ७ ते ८ अंश सेल्सियसच्या आसपास राहते. हिवाळ्यात ते बाहेरच्या हवेपेक्षा उबदार असते आणि उन्हाळ्यात थंड, म्हणून गरम करण्याचा आणि गार करण्याचा असे दोन्ही खर्च आटोक्यात राहतात. छतावर बर्फाचा भार नसतो, हा आणखी एक लाभ. नॉर्वेतल्या जमिनीवरच्या प्रत्येक छताला चौरस मीटरला काहीशे किलो बर्फ पेलण्याची तयारी ठेवावी लागते.

अडचणीही आहेत. सामन्याच्या वेळी एका माणसामागे सुमारे १०० वॅट उष्णता धरली तर साडेपाच हजार प्रेक्षक साडेपाचशे किलोवॅट उष्णता आणि भरपूर बाष्प हवेत सोडतात. ते बाष्प थंड खडकावर आणि बर्फावर जमू नये म्हणून हवा कोरडी करण्याची आणि खेळती ठेवण्याची यंत्रणा इथे जमिनीवरच्या सभागृहापेक्षाही जास्त जबाबदारीची ठरते. खिडकी नाही, छताला झरोका नाही. ताजी हवा, धूर बाहेर काढणे आणि गर्दी बाहेर नेणे, सगळे बोगद्यांतूनच करायचे. सभागृह डोंगराच्या सुमारे १२० मीटर आत आहे. त्या वाटांची रुंदी आणि उतार प्रतिकृतीत दिसले पाहिजेत, यावर सहकाऱ्यांचा भर होता आणि तो रास्त आहे. सुताराला बोगद्यांच्या तोंडांचा भाग नव्याने वाढवून द्यायला सांगितले.

११ नोव्हेंबर २०२४

दिवाळीनंतरची पहिली बैठक. ठोकळ्यांचे छत बसले, बोल्ट आणि केबलच्या तारा जागेवर गेल्या. स्क्रू-जॅकचा लहान नमुना पहिल्यांदा चालवून पाहिला. जॅक आवळलेला असताना छतावर हाताने दाब दिला तरी ते हलत नव्हते. सैल करू लागल्यावर मधला एक ठोकळा आधी किंचित उतरला, मग त्याच्या दोन्ही बाजूंचे, आणि शेवटी सगळा मधला भाग जाळीत आला. नंतर मुद्दाम रंधा मारून गुळगुळीत केलेले ठोकळे रचून पाहिले. जॅक बराच घट्ट असतानाच ते निसटले. खडबडीत सांध्याचे महत्त्व सांगणारे माझे दोन परिच्छेद यामुळे पत्रिकेतून निम्मे करता आले, कारण हा प्रयोग ते अधिक चांगले सांगतो.

स्टेडियमच्या वापराची माहितीही मजकुरात गेली. ऑलिम्पिकचे १६ हॉकी सामने इथे झाले, १९९५ मध्ये शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंगची जागतिक स्पर्धा झाली, आणि पुढे हॉकीखेरीज इतर कार्यक्रमांसाठीही सभागृह वापरात राहिले. ऑलिम्पिकसाठी बांधलेल्या अनेक वास्तू नंतर ओस पडतात. गावाच्या मध्यभागालगत, जमीन न अडवता केलेले हे स्टेडियम लोकांच्या रोजच्या पोहोचीत राहिले, याचे मला मनापासून समाधान वाटते.

२५ नोव्हेंबर २०२४

शेवटच्या फलकावर कोणता प्रश्न विचारायचा, हे आज ठरले. असे विवर सह्याद्रीत खोदता येईल का, हा प्रश्न विद्यार्थी विचारणारच आहेत, म्हणून तो आपणच नीट मांडावा.

दख्खनचा बेसॉल्ट थरांचा खडक आहे. लाव्ह्याचे प्रवाह एकावर एक, जवळजवळ आडवे पसरलेले आहेत. त्यांतले काही थर जाड, घट्ट आणि एकसंध आहेत. काही पोकळ्यांनी भरलेले आहेत. आणि दोन प्रवाहांच्या मध्ये कुठे कुठे लाल मातीसारखा मऊ थर सापडतो. घट्ट थरांतही उभ्या स्तंभाकार भेगा असतात. छताच्या थोडे वर एखादा मऊ आडवा थर आला आणि खालचा खडक उभ्या भेगांनी चिरलेला असला, तर रुंद छताला ते जोडीने घातक ठरते, कारण उभे ठोकळे सरळ खाली निसटू शकतात. त्यांना अडवायला आडवा दाब किती आहे, हे जागेवर मोजल्याशिवाय कळत नाही. यॉव्हिकला तो मोठा होता म्हणून सह्याद्रीत तसाच असेल, असे गृहीत धरता येणार नाही. आणि कोयना खोऱ्यासारख्या भागात ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची आठवण ठेवूनच कोणतेही गणित मांडावे लागेल.

फलकावर उत्तर न देता तीन गोष्टी शोधायला सांगितल्या आहेत : छताच्या वर एकाच घट्ट थराची जाडी किती मिळते, सांध्यांच्या दिशा व त्यांचे पृष्ठभाग कसे आहेत, आणि आडवा दाब उभ्याच्या किती पट आहे. पहिल्या दोन गोष्टींसाठी विद्यार्थ्यांना पुण्याजवळच्या एखाद्या बंद पडलेल्या खाणीची कड मोजपट्टी आणि होकायंत्र घेऊन वाचता येईल. खाणमालकांची परवानगी, हेल्मेट आणि कडेपासून राखायचे अंतर याविषयीच्या सूचना मॅडम लिहून देणार आहेत. त्या हाती आल्या की पत्रिका छपाईला जाईल, आणि प्रतिकृती जानेवारीत महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हलवता येईल.